सकाळी न लागणारा ब्रेक

मी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट, म्हणजे गोदामात माल उचलणाऱ्या गाड्या, दुरुस्त करतो. या धंद्यात एक खोड लागते, गाडीपेक्षा चालवणाऱ्यावर आधी संशय घ्यायची. माझ्यात ती जरा जास्तच होती.

कांजूरमार्गच्या एका गोदामातून तक्रार यायची, की गाडीचा ब्रेक सकाळी नीट लागत नाही. तक्रार करणारा ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेला, मालवणकडचा, वीस वर्षं गोदामातच काढलेला. माझी सकाळ अंधेरीच्या कारखान्यांत जायची, इथे पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजत. मी गाडीवर बसायचो, दोन फेऱ्या मारायचो. पाय उचलला की गाडी शहाण्यासारखी थांबायची. मग रिपोर्टवर लिहायचो, ‘ब्रेक ओके’.

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "सकाळी येवन बघा, मगे कळात तुमका."

"काका, ब्रेकला काय सकाळ-दुपार कळते? चष्म्याचा नंबर वाढला असेल तुमच्या, तपासून घ्या."

माल चढवणारे सगळे हसले. माझा विनोद मलाही आवडला होता. तो गाडीवरून उतरला, फडक्याला हात पुसले आणि चहा प्यायला निघून गेला.

पुढच्याच आठवड्यात, सकाळच्या पहिल्या फेरीला, भरलेली गाडी थांबेना. समोर एक हमाल पाठमोरा उभा होता. ड्रायव्हरने गाडी खांबावर घातली. हमाल वाचला, पण याचं मनगट मोडलं. सुपरवायझरने त्याला घरी बसवलं, तेही माझ्या तीन रिपोर्टांवर बोट ठेवून. ब्रेक ओके, म्हणजे चूक माणसाची. नोकरी जाणार हे ठरल्यातच जमा होतं, फक्त माझा शेवटचा रिपोर्ट यायचा होता.

त्यासाठी मी पहिल्यांदा तिथे सकाळी आठला गेलो. पुढचा पत्रा चेपला होता, पण गाडी चालत होती. चार्जरवरून नुकतीच काढलेली. थोडी पळवली, पाय उचलला, तर ती तशीच पुढे. ब्रेक दाबला, तरी पुढे.

पाय उचलला की या गाड्यांची मोटरच वेग कमी करते आणि त्यातून निघालेली वीज बॅटरीत परत जाते. रात्रभर चार्ज झालेल्या बॅटरीत ती घ्यायला जागा नसते. मग मोटर मदत करत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. मला हे पाठ होतं. नव्या पोरांना मीच शिकवायचो. चाक उघडलं तर आत तेल गळून ब्रेकचे लायनर चिंब झालेले, वर काळा चिकट थर. तो थर एका दिवसात बसत नाही. दुपारी मोटर ते सगळं झाकत होती आणि मी मोटरची परीक्षा घेऊन ब्रेकला पास करत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच.

सुपरवायझर शेजारी उभा होता. "तुझी पण वाट लागेल यार. असं लिही ना, तेलाचं सील अचानक फुटलं. त्याला परत घेतो, तू पण सुटलास."

मी लिहिलं. दोघांचंही भलंच होतंय, अशी मनाची समजूत घातली.

मनगट बरं झाल्यावर तो कामावर आला आणि रिपोर्ट मागून घेतला. माझ्यासमोरच वाचला.

"अचानक?"

"काका, नोकरी राहिली ना तुमची."

"नोकरी ऱ्हवली," तो म्हणाला. "पण तीनदा सांगान खोटो मीच ठरलंय ना?"

मला लाज वाटली. तरीही रिपोर्ट बदलून देतो, असं माझ्या तोंडून निघालं नाही. अजूनही निघालेलं नाही.

आता मी दर महिन्याला सकाळीच जातो. गाडी कशी आहे विचारलं की तो म्हणतो, "बरी आसा." परवा तपासताना पार्किंग ब्रेकची केबल तुटायला आलेली दिसली, जेमतेम चार तारांवर होती. रोज त्या ब्रेकचा दांडा ओढणाऱ्या हाताला ते कधीच कळलं असणार. त्याने मला सांगितलं नव्हतं.