दोन माश्यांची एक माशी

जळगावच्या फलाटावर सकाळी सात वाजता उतरलो तेव्हा पाठीवरचा शर्ट ओला झाला होता. कोल्हापूरहून निघताना बायकोने हौसेने पिशवीत स्वेटर कोंबला होता. ऑक्टोबरातल्या खान्देशाची तिला कल्पना नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हती. हातात लांब दांड्याची पांढरी जाळी, खांद्याला काचेच्या बाटल्यांची पिशवी, असा मी एसटी स्टँडवर पोचलो. पारोळ्याच्या गाडीत कंडक्टरने जाळीकडे बघून विचारलं, ‘‘ह्याने काय धरायचं, भाऊ?’’

‘‘माश्या,’’ मी म्हणालो.

‘‘गाडीत आहेत तेवढ्या धरून टाका,’’ तो म्हणाला आणि त्याने तिकीट फाडलं. आजूबाजूची मंडळी हसली. मीही हसलो, कारण या प्रश्नाला पंचवीस वर्षांत मला दुसरं शहाणं उत्तर सापडलेलं नाही.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि सुट्टीत दरोडेखोर माशीच्या मागे फिरतो. ही घरातली माशी नव्हे. ती उन्हात काडीच्या टोकावर दबा धरून बसते आणि उडत्या किड्याला हवेतच पकडते. तोंडावर राठ केसांची झुबकेदार मिशी असते. सावज तडफडलं तरी डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून. पायांचा रंग, पंखांतल्या शिरा आणि मुख्य म्हणजे नराच्या शेपटाकडचा भाग बघून आम्ही जात ठरवतो. नर नसला की आमचं घोडं तिथेच अडतं.

माझंही अडलं होतं. तीन वर्षांपूर्वी धुळ्याजवळच्या माळावर मला लाल पायांचे लहानसे नर मिळाले होते. नवी जात निघाली. तिला मी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचं नाव दिलं, कारण त्यांनी सूक्ष्मदर्शकाची मंजुरी दिली होती. हसू नका, प्रयोगशाळा अशाच चालतात. मग गेल्या वर्षी पारोळ्याला दोन काळ्या, थोराड माद्या सापडल्या. पिवळी मिशी, पाय काळेभोर. माझ्या धुळ्याच्या जुन्या पेटीतही तसलीच एक निघाली. ही दुसरी नवी जात! तिला मात्र मी माझ्या बाईंचं नाव द्यायचं ठरवलं. बाई शहाऐंशी वर्षांच्या. मला माशी हातात धरायला त्यांनी शिकवलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या माश्या ओळखून दिल्या, पण त्यांच्या नावाची एकही माशी नाही. त्यावरचा शोधनिबंध नियतकालिकाने जवळजवळ स्वीकारला होता. तपासणाऱ्याने एवढंच लिहिलं होतं की, जमल्यास नर मिळवा. बाईंना मी आगाऊच सांगून बसलो होतो. त्या लहान मुलीसारख्या लाजल्या होत्या. म्हणून ही धावपळ.

पारोळ्याला किल्ल्याजवळच्या खाणावळीत शेवभाजी मागवली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. कोल्हापूरचा माणूस तिखटाला घाबरत नाही ही आमची मिजास तिथे उतरली. मालकाने न मागता ताक आणून ठेवलं. ते पिऊन मी गावाबाहेर, गेल्या वर्षीच्या कपाशीच्या शिवारात गेलो.

दोन तास काही नाही. ऊन डोक्यावर, काळी जमीन भेगाळायला लागलेली, जाळीत नुसते टोळ. कपाशीत एक बाई निंदत होत्या. डोक्यावर पदर, हातात विळा. बराच वेळ त्यांनी माझे खेळ पाहिले आणि मग बांधावर आल्या. यमुनाअक्का. शेत त्यांचंच.

‘‘काय शोधी राहिनात भाऊ?’’

‘‘माशी, अक्का.’’

‘‘माश्या त मन्हा घरमा बी शेतस. आठे कसाले वनात?’’ (इथे कशाला आलात?)

मी मोबाईलवर काळ्या मादीचा फोटो दाखवला. अक्कांनी मोबाईल लांब धरून पाहिला. ‘‘हाई? हाई त तठे बठस, वाळेल काडीवर. चला, दखाडस.’’

विहिरीपलीकडच्या बांधावर गेल्या हंगामातल्या तुरीच्या वाळक्या काड्या उभ्या होत्या. एका काडीवर ती होती. काळी, पिवळ्या मिशीची, माझ्या बाईंची माशी! पण तिच्या शेपटाशी आणखी काहीतरी होतं. एक लहान, लाल पायांची माशी. ती कोणाची हे सांगायला मला भिंग नको होतं. ते अध्यक्ष होते.

‘‘अरे वा, हिने त्याला धरलंय,’’ मी पुटपुटलो. या माश्या एकमेकींनाही खातात. ‘‘खातेय बघा त्याला.’’

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. ‘‘खाई नही राहिनी भाऊ. तोंड त तिकडे शे तिनं. जोडी शे ती. हाऊ लालपाय्या तिना नवरा शे.’’

मी गुडघ्यांवर बसलो. शेपटाला शेपूट जुळलेलं, दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. कोण कशाला खाईल असं? चुकून जुळली असेल एखादी जोडी, असं मी स्वतःला सांगितलं. मग पुढच्या काडीवर दुसरी जोडी दिसली. तिकडे तिसरी, काडीवरून काडीवर उडत. प्रत्येक जोडीत एक काळी आणि एक लाल पायांचा.

आणि मग मला धुळ्याचा माळ आठवला. तीन वर्षांपूर्वी जाळीत एक थोराड काळी आणि एक लहान लाल पायांची एकदमच आली होती, एकमेकांना चिकटलेली. मी चिमट्याने ओढून त्यांना वेगळं केलं होतं. लहान माशी एका बाटलीत, मोठी दुसऱ्या बाटलीत. मोठीच्या चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : शिकारीसह. एका जातीचे नुसते नर, दुसरीच्या नुसत्या माद्या, दोन्ही एकाच माळावर, आणि मी नवऱ्याला शिकार समजून दोघांना दोन नावं द्यायला निघालो होतो. पहिलीतल्या पोराने ओळखलं असतं!

आमच्या शास्त्राचा नियम सोपा आणि निर्दय आहे. दोन जाती एक निघाल्या की आधीचं नाव टिकतं. म्हणजे माशी अध्यक्षांची. बाईंचं नाव छापण्याआधीच मेलं.

एक जोडी मी नळीत धरली. दोघं आत जिवंत, अजून जुळलेले. झाकणावर अंगठा ठेवून मी उभा राहिलो. उघडलं की उडून जाणार. ‘नर आढळला नाही’ एवढंच कळवायचं, कोणाला काय कळणार आहे? शहाऐंशी वर्षांच्या बाईच्या आनंदापुढे एका माशीची काय किंमत? हे माझ्या मनात इतक्या सहज आलं, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला. पंचवीस वर्षं मी पोरांना खरेपणा शिकवत होतो.

‘‘काय व्हयनं भाऊ? तोंड उतरी गयं तुमनं,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘भाकर खाल्ली का नही?’’

त्यांनी फडक्यातली कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा पुढे केला. मी नळी पिशवीत ठेवली, झाकण नीट आवळलं आणि बांधावर बसून भाकरी खाल्ली. अक्का त्यांच्या कपाशीवरच्या अळीबद्दल बोलत राहिल्या.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. कोल्हापूरला उतरून घरी न जाता थेट बाईंकडे गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. त्यांना आता वाचता येत नाही, पुतण्या वाचून दाखवतो. पाय धुवायचीही वाट न बघता मी सगळं सांगून टाकलं. चिमटा, चिठ्ठी, जोडी, अध्यक्ष. निबंध मागे घेतोय, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, ‘‘बाई, तुमचं नाव गेलं. माझ्यामुळे गेलं.’’

बाई माझ्याकडे वळल्या.

‘‘जोडी उडाली का रे तुझ्यासमोर?’’

‘‘उडाली की. एका काडीवरून दुसरीवर.’’

‘‘मग उडताना पुढे कोण होतं? ती का तो?’’

ते मी पाहिलंच नव्हतं. तासभर त्या जोड्या माझ्यासमोर उडत होत्या, आणि तेवढा सगळा वेळ मी फक्त माझा निबंध बुडताना पाहत होतो.