बरणी आणायला गेले होते

खरं सांगते, त्या दिवसांत देवावरचं माझं मनच उडालं होतं. दिवा लावायची, पण तो हाताच्या सवयीनं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचे हे मेडशीजवळच्या शेतात गवत कापता कापता गेले. गाव म्हणे पान लागलं, म्हणजे साप चावला. पण दाताची खूण काही दिसेना. मग पोलिसांनी मयत दवाखान्यात फाडायला नेली. सोबत माझे धाकटे दीर, केशवभाऊजी, गेले. शिवलेला देह घेऊन ते परत आले आणि आम्ही अग्नी दिला.

तेरवी झाल्यावर कानावर आलं, की काळीज आणि पोटातलं काहीबाही बरणीत घालून विष तपासायला नागपूरला पाठवणार, आणि त्या कागदावर अंगठा भाऊजींचा आहे. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. घरात तोंडं दोन आणि शब्द नाही. ते दारात उभे राहून म्हणायचे, "वयनी, शिव्या द्या, पन बोला तं." मी ताट सरकवून आत जायची.

माझ्या डोक्यात एकच भुंगा. असं अर्धवट माणूस पुढच्या वाटेला लागतं का? भटजींना विचारलं. ते म्हणाले, देह सापडलाच नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. नुसत्या काळजाचा पुतळा काही पोथीत नाही. मग म्हटलं, आपणच बरणी आणू आणि अग्नीला देऊ. घासलेला तांब्या आणि कोरं फडकं घेतलं, अस्थी आणायला निघावं तशी, आणि दवाखान्याच्या गावाला जाणाऱ्या मोटारीत बसले. रेणुकामायला नवससुद्धा बोलले नाही. इतकी थकले होते, की मागायचंही त्राण नव्हतं.

दवाखान्यातले कारकून म्हणाले, "बाई, हे काय लोणचं आहे, वापस न्यायले?" लोक हसले. मी बाहेर लिंबाखाली येऊन बसले.

थोड्या वेळानं एक म्हातारे चाचा पाणी घेऊन आले. फाडायच्या खोलीवर कामाला होते. "कुठची तू, माय?" म्हणाले. मी गाव सांगितलं, काम सांगितलं. ते माझ्याजवळ उकिडवे बसले.

"त्याचा भाऊ संगं होता ना? थो तं डाक्टरचे पाय धरून राह्यला होता. म्हने, सगळा द्या जी, अर्धा घरी नेऊन वयनीले काय सांगू? डाक्टरनं त्याले म्हनलं, अंगठा दे, नाई तं मयत भेटत नाई. कागदात काय होतं, थे कोनं वाचून दाखोलं त्याले?"

मी रिकामा तांब्या पुढे केला. मी विचारलं, "अन् बरणी?"

"गेली नागपूरले. आता नाई येत, माय, झूट कायले बोलू? पन तिचं तोंड म्याच बांधलं. बांधतानी दरेकासाठी दुवा मांगतो मी. घरचं कोनी नसते ना तिथं."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते मागे सरले. "मले नको. घरी जाय. थो पोरगा मनातल्या मनात मरून राह्यला असन."

नागपूरहून काय उत्तर आलं, आम्हाला कोणी कळवलं नाही. आम्हाला विचारायची रीतच नव्हती तेव्हा. तो सल अजून आहे, नाही म्हणत नाही. पण त्या दवाखान्यात इतकी माणसं असताना तेच चाचा माझ्याकडे का आले, हे मी कधी कुणाला पटवत बसले नाही. रेणुकामायनं पाठवलं, एवढं मला कळतं. आपल्या हाताला जे पोचत नाही, तिथं कुणी तरी दुवा मागत असतं. तेवढ्यावर सोपवून द्यायला मी त्या दिवशी शिकले.

घरी आले तेव्हा भाऊजी बैलांना चारा टाकत होते. मी म्हटलं, "भाऊजी, तुमी पाय धरले होते, हे मले काहून नाई सांगतलं?"

ते वळलेच नाहीत. बैलाच्या मानेवर कपाळ टेकून म्हणाले, "सांगून काय करू, वयनी? आनला तं अर्धाच ना."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही दोघं पहिल्यांदा रडलो.