लाल नाकाचा कारकून

पोटाचं दुखणं लपवता येतं. मूळव्याध झाली तरी माणूस गप्प बसू शकतो. पण दुखणं नाकावर आणि गालांवर येऊन बसलं, की ते आपलं राहत नाही, गावाचं होतं! पस्तिशीत माझं तोंड लाल व्हायला लागलं, लोकांनी ठरवून टाकलं की बाबू पितो, आणि तेव्हापासून नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कचेरीत माझ्या नाकाचे इतके किस्से झाले, की मला स्वतःलाच ते सांगायचा शीण येतो. तुम्ही विषय काढलाच आहे, तर ऐका.

* * *

पहिल्यांदा एका डॉक्टरांकडे गेलो. सोबत बापूराव होता. बापूराव म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. जन्म नागपूरच्या महाल मोहल्ल्यातला, आणि जगातल्या प्रत्येक रोगावर औषध तयार!

डॉक्टरांनी भिंगातून नाक पाहिलं आणि म्हणाले, "हे मुळापासून जाणार नाही. सांभाळलं तर दबून राहील. उन्हात फिरू नका. तिखट बंद. गरम चहा बंद. तोंड थंड पाण्यानं धुवा. आणि मुख्य म्हणजे, रागावू नका."

बापूराव म्हणाला, "डॉक्टरसाहेब, सरळ सांगा ना, नागपूर सोडा म्हणून!"

* * *

डॉक्टरांनी काही फासू नका असंही सांगितलं होतं. पण बापूराव ऐकतो होय! दुसऱ्याच आठवड्यात संत्र्याच्या वाळलेल्या सालींची भुकटी घेऊन हजर.

"यात लिंबू पिळून लावा गा. माह्या मावशीचं तोंड चंद्रासारखं झालं!"

लावलं. नको नको म्हणता म्हणता माणूस थकतो, त्यापेक्षा लावून टाकलेलं बरं वाटतं. कचेरीत पोचेपर्यंत तोंडाची भट्टी झाली होती. दारातला चपराशी स्टुलावरून उठला. "बाबूजी, आग कुठं लागली?"

बापूरावानं माझं तोंड चारी बाजूंनी पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मावशीले तसं काही झालं नव्हतं म्हणा. ती पहिलेपासूनच गोरी होती."

* * *

मग इतवारीतले वैद्य. त्यांनी निदान केलं, पित्त! ताक प्या, सब्जाचं पाणी प्या, आणि तोंड तापलं की जिभेची नळी करून बाहेर काढा आणि तिच्यातून थंड श्वास ओढा.

ताक, सब्जा घरी चालून गेलं. जिभेचं मात्र कचेरीत करावं लागायचं, कारण तोंड तिथंच तापायचं. एका दुपारी, खिडक्यांवरच्या खसाच्या ओल्या टट्ट्या वाळून गेलेल्या, तोंड भाजून राहिलेलं, मी डोळे मिटून जीभ काढली. डोळे उघडले तर समोर एक मालगुजार, चार गावांचा जमीनदार, हातात अर्ज!

त्यानं थेट साहेबाकडे तक्रार केली. तुमचा बाबू मला जीभ दाखवतो!

साहेब नवा होता, विलायतेचा. मला आत बोलावलं. मी उभा राहिलो, तो बसलेला. त्यानं माझं नाक पाहिलं. मी त्याचं पाहिलं. त्याचं माझ्यापेक्षा लाल! उठून त्यानं स्वतः दार लावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुम भी?"

मी म्हटलं, "नो सर. पित्त."

साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यस, यस. हम भी पित्त!"

* * *

आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, वारले ते ऐन मे महिन्यात. त्यांनी आयुष्यभर मला छळलं. रजा मागितली की म्हणायचे, "काहून? नाकाचं लग्न आहे का?" पण माणूस गेला, म्हणून घाटावर गेलो. प्रेतयात्रेत छत्री उघडून चालणं बरं दिसत नाही, म्हणून छत्री घरीच ठेवली.

दोन तास उन्हात उभा होतो. चिता पेटली, तिची धग वेगळीच. तोंड लालबुंद, डोळ्यांतून पाणी. डोळेही झोंबतात या दुखण्यात. तेवढ्यात बडेबाबूंचा मुलगा येऊन गळ्यात पडला. "काका, आमच्या बाबांसाठी इतकं कोणीच रडलं नाही!"

मी त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून दर दसऱ्याला तो सोनं घेऊन येतो. मी पाय मागे घेतो, तो वाकून धरतो.

* * *

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण मुलगी लग्नाची झाली आणि हसणं संपलं. आमची सुमन. स्थळ यायचं, मुलगी पसंत पडायची, मग पाहुण्यांची नजर माझ्या नाकावर जायची. पोहे अर्धे राहायचे.

एका मुलाच्या मामानं तर निघताना मला कडकडून मिठी मारली. मला वाटलं, जमलं! मामा माझ्या तोंडाजवळ नाक नेऊन थांबला, दोनदा श्वास ओढला आणि बाहेर जाऊन टांग्याजवळ म्हणाला, "वास तर नाही गा. पण आज सोडली असंल, आपल्यासाठी."

त्या दिवशी बायको जेवली नाही.

* * *

मग काटोलचं स्थळ आलं. संत्र्यांचे बगीचे, मुलगा वकिली शिकून राहिलेला. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या, एवढेच आले. मी सकाळपासून तोंडावर ओलं फडकं ठेवून बसलो होतो. काही उपयोग झाला नाही. धास्तीनंच तोंड पेटलं.

सुमन चहा घेऊन आली. मुलाच्या वडिलांनी कप उचलला, पण पाहत होते माझ्याकडेच. शेवटी विचारलं, "तोंडाले काय झालं तुमच्या?"

किती जणांना सांगायचं तेच तेच! बायको दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या.

आणि सुमन बोलली. खाली मान घालून नाही, सरळ वर पाहून. "बाबा दारू पीत नाहीत. ऊन लागलं, गरम पोटात गेलं, मनाले लागलं, की त्यांचं तोंड असं होते. मी त्यांची भाजी वेगळी, बिनतिखटाची करते. रोज कोरफड सोलून तिचा गर लावून देते, त्यानं आग कमी होते. अजून काही विचारायचं असंल, तर मले विचारा. त्यांले नका विचारू. ते थकले आता."

मला वाटलं, गेलं हेही स्थळ.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"पोरी, मुलाची आई आज काहून आली नाही, माहीत आहे? तिचं तोंड असंच आहे. आम्हाले वाटलं, महारोग होऊन राहिला. कोणाच्या लग्नाले जात नाही, अंगणातसुद्धा पदर ओढून निघते. वर्षं झाली, मी तिले उजेडात नीट पाहिलं नाही." मग ते जरा पुढे सरकले. "ते कोरफडीचं कसं करतात, तिले येऊन सांगशीन का वं?"