सावली सोडून चालणारं गाव

स्पेनमधल्या एका खेड्यावरच्या कादंबरीचा मी अनुवाद करते आहे आणि त्यासाठी त्याच खेड्यात येऊन राहिले आहे. माझ्या घरमालकीण रोसारिओबाई रोज सकाळी पाव आणायला निघतात. दफनभूमीची भिंत आली की त्या रस्ता ओलांडतात आणि भिंत संपली की परत अलीकडे येतात. भिंतीकडे छान सावली असते, पलीकडे ऊन रणरणतं.

कादंबरीतही माणसं अशीच रस्ता ओलांडतात. पुन्हापुन्हा येणारी ती वाक्यं मला पाल्हाळ वाटली आणि त्यातली दोन मी खुशाल गाळली. यादवी युद्धात या भिंतीशी उभं करून माणसांना गोळ्या घातल्या. पुढे दोन पिढ्या त्यावर गप्प राहिल्या. आता नातवंडं कादंबऱ्या लिहितात आणि त्यांत हा देश आपला चेहरा शोधतो. पण तोंडं मिटलेली होती तेव्हाही पाय सगळं सांगतच होते.

आज बाईंबरोबर मीही नकळत रस्ता ओलांडला.

"तुझ्या पुस्तकात खरी नावं आहेत?" त्यांनी विचारलं.

"मेलेल्यांची आहेत."

"ती आम्हाला पाठ आहेत गं. गोळ्या घालणाऱ्यांची?"

"आहेत. शेवटच्या प्रकरणात."

बाई थांबल्या. पावाची पिशवी छातीशी धरून त्यांनी समोरच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "आमचं आडनाव आहे का गं त्यात?"