धोंडिरामने निवडलेला विंच

धोंडिरामला बघितलं की जुन्या यंत्रांचे व्यापारी वैतागायचे. कऱ्हाडपासून पुण्या-खडकीच्या भंगारवाल्यांपर्यंत त्याचं नाव झालं होतं. वस्तू कुठलीही दाखवा, हा गडी आधी तिच्यात नाक खुपसणार, मग बोटाला लागलेलं तेल अंगठ्यावर चोळत आभाळाकडे बघणार आणि शेवटी म्हणणार, "जळलंय. दुसरं दावा." दाखवणारा घामाघूम, आणि मी, धन्यकुमार, आण्णांचा धाकटा भाऊ, बाजूला छत्री धरून उभा.

सांगलीच्या पेठेत आमची गुळाची आणि पेंडीची अडत होती. आमच्या थोरल्या भावाने, सुकुमारआण्णांनी, लष्कराच्या लिलावातून एक जुना डॉज ट्रक घेतला होता. चारी चाकं ओढणारा, बैलासारखा आडदांड आणि पेट्रोल पिण्यात त्याहून आडदांड. तो चालवायला धोंडिराम. सैन्यात तो चिखलात रुतलेल्या गाड्या बाहेर काढणाऱ्या तुकडीत होता. सीमेवरच्या कुठल्याशा ओढ्यातून त्याने एकट्याने तीन टनी गाडी कशी काढली, ही गोष्ट मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली होती, की ओढ्याला दर खेपेला थोडं थोडं पाणी वाढत जाऊन शेवटी त्याची नदी झाली होती. बढाईखोर होताच. पण गाडीवर हात ठेवला की माणूस बदलायचा.

विंचची टूम त्यानेच काढली. विंच म्हणजे इंजिनाच्या जोरावर तारेचा दोर गुंडाळणारं यंत्र. ट्रकच्या पुढच्या अंगाला बसवायचं, दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून वर काढते. आण्णांनी विचारलं, "कशाला हवंय हे खूळ?"

"आण्णा, आपला माल माण तालुक्यात जातो त्यो इटा-मायणी करून, लांबच्या वाटंनं. त्यापरीस आटपाडीवरनं सरळ नदी वलांडली तर दीस वाचतो. म्हसवडच्या बाजारात आपली पेंड पयली उतरंल. पर नदीत वाळू लय. विंच आसला तर कवाबी जाऊ."

आण्णा व्यापारी. दिवस वाचतो म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. मला मात्र माहीत होतं, की नदीच्या पलीकडच्या काठावर बाभुळवाडी आहे, आणि बाभुळवाडीत धोंडिरामचं घर.

घर म्हणजे त्याची बायको हरणाबाई आणि अंथरुणाला खिळलेली आई. म्हातारी गाव सोडायला तयार नाही, म्हणून हरणाबाई सांगलीला येऊ शकत नाही. लग्न झालं आणि धोंडिराम पलटणीत गेला. पलटण सुटली तर पोटाने सांगलीला आणला. लांबच्या वाटेने बाभुळवाडी इतकी आडबाजूला, की सणासुदीला दोन दिवस जायचं आणि यायचं. एकदा मायणीच्या घाटात गाडी तापली म्हणून आम्ही थांबलो होतो, तेव्हा तो पूर्वेकडे तोंड करून म्हणाला, "दादा, माझ्याच घरात मी पाव्हण्यावानी जातो. ती मला ताट वाढती आन् पदर सावरून बसती. नव्या नवरीवानी. आता केसं पांढरी व्हायला लागली तिची. मला लय वाटतं, एकदा तरी तिनं मला रोजच्या माणसावानी वसकावं." मी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.

तर असा हा विंच. म्हणून मी छत्री धरून हिंडलो.

आण्णांच्या मनात हातरहाट होता. कोयनेचं धरण झालं तशी तिथल्या ठेकेदारांची यंत्रं कऱ्हाडात विकायला आली होती, त्यातला. चार माणसांनी दांडा फिरवायचा. धोंडिरामने दांडा सोडून बघितला, तर तो गरगर उलटा फिरला आणि व्यापाऱ्याचा गुडघा थोडक्यात वाचला. "ह्यो ओढंल, पर धरून न्हाई ठेवणार," धोंडिराम म्हणाला. "चढाला निम्म्यात गाडी आसली आन् ह्यानं सोडली, तर खालच्याचा मुडदा." मिरजेच्या एका भंगारवाल्याने साखळीची कप्पी दाखवली. ती बरी होती, पण गाडी हातभर सरकेपर्यंत माणसाचा जीव जाणार. खडकीला एक नवाकोरा दिसणारा विंच होता, हिरवागार रंग लावलेला. मला पसंत. धोंडिरामने नखाने रंग खरवडला, आत भेग, डाग देऊन सांधलेली. व्यापारी म्हणाला, "फौजी, तुम्हाला विंच पाहिजे का सून पाहिजे?"

शेवटी त्याच वखारीच्या मागच्या कुडाशी, मोडक्या गाडीच्या तोंडाला लागलेला एक धुळकट विंच त्याला सापडला. त्याने तेल हुंगलं. दोर गुंडाळायचा ढोल हाताने फिरवून कान लावला. तारेवरून फडकं ओढत गेला, कुठे तुटकं टोक अडकतं का ते बघायला. मग गाडीला लावून, चढावर दगडांनी भरलेला छकडा ओढवून मध्येच थांबवला आणि बिडी पेटवली. बिडी संपली तरी छकडा बोटभरही मागे सरकला नव्हता. "ह्यो," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघून पोरासारखा हसला.

त्या विंचला एक पिन होती. करंगळीएवढी, मऊ लोखंडाची. "ही मुद्दाम कच्ची ठिवत्यात," धोंडिरामने मला समजावलं. "झेपंना येवढं वझं आलं की पयली ही मोडती, आन् आतली चाकं वाचत्यात. मोडली की दुसरी घालायची." मी म्हटलं, "मोडण्यासाठीच केलेली वस्तू मी पहिल्यांदाच बघतोय." तो म्हणाला, "ती हाय म्हणून बाकीचं हाय."

विंच ट्रकला बसला. आण्णांनी हळदकुंकू लावून नारळ फोडला. धोंडिरामच्या घराने बौद्ध धम्म घेतला होता, त्याने लांबूनच "जयभीम" म्हटलं आणि खोबऱ्याचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला.

मग जे दिवस आले, ते त्याच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. हे मी छातीठोक सांगतो, कारण मी वसुलीला म्हणून दर खेपेला त्याच्या शेजारी बसलेलो असायचो. आटपाडी मागे पडली, की त्याची नजर पलीकडच्या काठाला लागायची. नदीत वाळू आणि मध्ये पाण्याची एखादी धार. चाकं रुतली की पलीकडच्या काठावरच्या बाभळीला साखळी बांधायची, दोर ताणायचा, आणि गाडी गुरगुरत वर चढायची. बाभुळवाडीचे लोक मोट बघावी तसे काठावर बसून बघायचे. त्यांत हरणाबाई. पहिल्या खेपेला डोक्यावर पदर, लांब उभी. चार-सहा खेपांनंतर कमरेवर हात ठेवून तीच ओरडायला लागली, "आवं, डावीकडं घ्या की! दिसंना व्हय?" धोंडिराम माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचा. भाकरी, ठेचा आणि ताकाची वाटी घेऊन तो उंबऱ्यात बसायचा. आई आतून हाक मारायची, तो ओ द्यायचा. तेवढंच. मग माल पुढे म्हसवडला.

पिन दोनदा मोडली. एकदा मोडली तेव्हा गाडी हातभर मागे आली आणि हरणाबाई किंचाळली. धोंडिरामने हसत तिला तुकडे दाखवले, कच्ची का ठेवतात तेही सांगितलं. पण ती गाडीवानाची लेक. बैलगाडीच्या चाकाची खीळ कच्ची राहिली तर चाक निसटतं आणि गाडीवान मरतो, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. कच्ची खीळ मुद्दाम कोण ठेवील? नवरा आपली समजूत काढतोय, असंच तिला वाटलं. ती तुकडे घेऊन पायी म्हसवडला गेली, जोतिबा लोहाराकडून जुन्या आखाच्या लोखंडाची पिन घडवून घेतली, पाणी पाजून टणक केलेली. पुढच्या खेपेला धोंडिरामच्या हातात दिली. "आता न्हाई मोडायची," म्हणाली.

परतीला नदीतून वर येताना त्याने ती मला दाखवली. "दादा, ही बसवली तर विंचचं वाटोळं."

"मग टाक नदीत."

"टाका म्हणं!" तो माझ्यावरच खेकसला, आणि पिन खिशात ठेवून वर गुंडी लावली. पुढे हरणाबाईने विचारलं, की तो खिसा थोपटून "जपून ठिवलीया" म्हणायचा.

पावसाळा सरता सरता नदीला चार दिवस पाणी येऊन गेलं. वाळू ओली, काठ निसरडा. आम्ही पेंड आणि ज्वारी ठासून भरून आलो होतो. आण्णा बाजारासाठी आधीच म्हसवडला पोचले होते. गाडीचं तोंड काठावर आणि बूड चिखलात, अशी ती अडकली. पिन मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. आणि पेटीत तिसरी नव्हती. मी म्हटलं, "पोती उतरवू. निम्मा माल उतरला की निघेल. गाववाल्यांना बोलावतो."

धोंडिरामने मान डोलावली. तेवढ्यात वरून हरणाबाई म्हणाली, "माझी हाय की खिशात. बसवा की ती."

सगळं गाव बघत होतं. धोंडिराम तिच्याकडे बघत राहिला. उन्हात उभी होती, कमरेवर हात, तोंडावर इतका विश्वास की मलाच खाली बघावंसं वाटलं. एकट्या बाईने एवढी वर्षं घर धरून ठेवलेलं, आणि या सगळ्या व्यवहारात तिचं म्हणून जे काही होतं, ते या खिशात होतं. त्याने गुंडी काढली. मी त्याचा दंड धरला, त्याने तो सोडवून घेतला. "हळूहळू वढतो," पुटपुटला. "निघंल."

गाडी दोन हात वर आली. लोकांनी आरोळी ठोकली. मग आतून कडाड् असा आवाज झाला, विंचच्या पोटाचं बिडाचं कवच फुटलं आणि काळं तेल वाळूवर ठिबकायला लागलं. आतल्या चाकांचे दात पार झडले होते. पिन जिथल्या तिथे.

पोती उतरली. गावातल्या बैलांच्या चार जोड्या लावून गाडी वर काढली. निरोप गेला आणि आण्णा आले, चपला हातात घेऊन चिखल तुडवत. त्यांनी फुटलेल्या यंत्राभोवती एक फेरी मारली. "काय झालं?"

मी तोंड उघडलं. विंच अस्सल होता, चूक पिनेची झाली, आण्णा. आतली चाकं मिळाली तर दुरुस्त होईल, एवढंच बोलायचं होतं. आण्णांनी ऐकलं असतं, वाट चालू राहिली असती. धोंडिराम माझ्या आधी बोलला.

"यंत्रच पोकळ निगालं, आण्णा. आतनं चिरलेलं आसणार. माझी निवड चुकली."

"तू तर म्हणत होतास, असा विंच अख्ख्या खडकीत नाही!"

"म्हणत हुतो. चुकलं."

हरणाबाई तिथेच होती. तिने फुटक्या यंत्रातून पिन उपटून घेतली, पदराने पुसली आणि आण्णांपुढे धरली. "बघा आण्णा, हाय का कुठं वाकली? माझी खीळ टिकली, आन् ह्यांचं यंत्र फुटलं!" मग नवऱ्याकडे वळली. "म्हैनं म्हैनं हिंडला, वास घेत बसला, आन् आणलं काय, तर ह्ये? येक वस्तू धड निवडता ईना तुमास्नी? पलटणीत काय भाकऱ्या भाजत हुता?"

गाव हसलं. आण्णाही हसले, पिन हातात घेऊन म्हणाले, "लोहार चांगला आहे हो तुमचा." धोंडिराम मान खाली घालून म्हणाला, "व्हय. खीळ लय भारी हाय."

आण्णांनी निकाल दिला: पुन्हा गाडी या वाटेला घालायची नाही, विंच भंगारात. उतरवलेली पोती पुन्हा भरून आम्ही म्हसवडला निघालो. हरणाबाई गाडीच्या दाराशी आली. आवाज आता खाली आला होता. "आता कवा?" तिने विचारलं. तो म्हणाला, "बघू," आणि तिने त्याच्या बाहीवरचा चिखल झटकला.

म्हसवडला पेंड उतरवून, परतीचा माल भरून, आण्णांना बाजारात ठेवून आम्ही दहिवडीवरून माघारी लागलो. माझं डोकं तापलं होतं. म्हटलं, "अरे, घरी गेल्या गेल्या मी आण्णांना खरं सांगतो. दुरुस्ती होईल."

"न्हाई सांगायचं."

"मग तुझ्या शब्दावर आण्णा पुन्हा विंच घेणार नाहीत. वाट कायमची बंद. कळतंय का तुला?"

"कळतंय." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसतही नव्हता. "मला घर पायजे हाय, दादा. लय पायजे हाय. पर आण्णास्नी कळलं की गावात कळंल, आन् तिला कळंल की वाट तिच्या खिळीनं बंद केली. मग ती दारात एकटीच बसून त्येच उगाळत बसंल. मी नसणार समजवायला. त्यापरीस माझ्यावर तणतणत बसू दे. तेवढं बरं."

पुढे चढ लागला. त्याने गिअर बदलला आणि गाडी मायणीच्या रस्त्याला लावली.