उजवा कौल आणि दादाचा गड

रत्नागिरीत तेव्हा डोंगर चढणाऱ्यांचं एक मंडळ होतं. रविवारी पहाटे उठायचं, कुठल्यातरी डोंगरावर जायचं, वर बसून पोहे खायचे आणि उन्हं तापायच्या आत घरी परतायचं, एवढाच त्याचा उद्योग. गावातली माणसं हसायची. कोकणात घाटी-पाखाडी रोजच्या पायाखालची, ती आणखी हौसेने कशाला चढायची, हा त्यांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. पण माझा मोठा भाऊ त्या मंडळाचा चिटणीस होता. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, घरात मोकळी, आणि हट्टी. मलाही ने म्हणून त्याच्या मागे लागले ती लागलेच.

रविवारच्या डोंगरांवर त्यांनी मला नेलं. त्याला कुणाची ना नव्हती, कारण पोहे मी करून नेत असे. कुरकुर सुरू झाली ती नाताळच्या सुट्टीत मोठी फेरी काढायचं ठरलं तेव्हा. देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर एक जुना गड आहे. दादाला लहानपणापासून त्या गडाचं वेड. आधी वडील गेले, मग नोकरी, मग संसार. दरवेळी काहीतरी आडवं आलं. या खेपेला सगळी जुळवाजुळव त्याने एकट्याने केली होती. मला गडाचं वेडबिड काही नव्हतं, खरं सांगते. मला फक्त वर जायचं होतं. हे पुरुष जातात तिथपर्यंत, मधे कुणी थांब म्हटल्याशिवाय.

मंडळाचे अध्यक्ष वकील होते. सुधारक माणूस. बायकांनी शिकावं, पुढे यावं, यावर भाषणं देत, आणि देवाला कौल लावणाऱ्यांची अशी टिंगल करत की सभा हसून लोळायची. ते मला तोंडावर नाही कसं म्हणणार? "यावं की ताईंनी. देवळात आपला मुक्काम आहे, तिथवर अवश्य यावं," असं म्हणाले. म्हणजे हे गडावर जाणार आणि मी देवळात चूल फुंकत बसणार. मी म्हटलं, बघू.

सर्व्हिस मोटारीने देवरुखला गेलो, तिथून चालत पायथ्याच्या वाडीत, आणि देवीच्या देवळात पथारी टाकली. वाट दाखवायला वाडीतलाच एक शेतकरी ठरला होता. सकाळी त्याने सांगितलं की देवीला गाऱ्हाणं घालून कौल घेतल्याशिवाय तो वरच्या रानात पाय टाकत नाही. वकीलसाहेब गालात हसले. पण वाटाड्याशिवाय जाणार कुठे? घाला म्हणाले.

गुरवाने सगळ्यांच्या वतीने देवीला हात जोडून गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं. मग त्याने भिजवलेल्या कळ्या देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. सगळे उठायला लागले आणि इथे वकीलसाहेबांना बुद्धी सुचली. मी काष्टा घट्ट मारून, काठी घेऊन तयार उभी होते, ते त्यांनी पाहिलं होतं. गुरवाला म्हणाले, "आता एवढंही विचारून टाका. बाईमाणसाने वर जावं की खाली राहावं?"

त्यांना खात्री होती. वाडीतली देवी, वाडीतला गुरव, बाईला वर जा म्हणताहेत थोडेच. नाही म्हणायचं पाप देवीने घ्यायचं आणि साहेबांचं सुधारकपण शाबूत राहायचं. माझी कानशिलं तापली. दादाकडे पाहिलं तर तो मूग गिळून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याचा राग मला वकिलांच्या रागाहून जास्त आला.

कळ्या पुन्हा लावल्या. बराच वेळ एकही हलेना. मी देवापुढे काही मागणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी मागितलं. उजवी कळी पडली.

साहेबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. अजून एकदा लावून बघा, असं पुटपुटले, तेव्हा गुरव शांतपणे म्हणाला, "हितं अपील नाय सायेब." वाटाड्याने तर काठी आडवी धरली. "बायेला देवीन उजवा दिलान. आता ती नाय आली तर मी पन येनार नाय."

तर मी निघाले. आधी दाट रान, मग दगडगोट्यांची घळ, आणि शेवटी कड्याला बिलगून गेलेल्या मोडक्या पायऱ्या. पायऱ्यांच्या अलीकडे एक सपाट खडक होता. तिथे वकीलसाहेबांनी खाली दरीत पाहिलं आणि मटकन बसले. अंगाला घाम सुटला, डोळे फिरले. वर जाणं शक्य नव्हतं आणि त्यांना एकटं सोडणंही शक्य नव्हतं. कुणीतरी जवळ बसायला हवं होतं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. आजाऱ्याजवळ बाईने बसायचं, एवढंच त्यांच्या अंगवळणी पडलेलं.

देवीने मला वर जायला सांगितलंय, असं म्हटलं असतं तर काम सोपं होतं. पण देवीच्या आड लपायची मला किळस आली होती. मी म्हटलं, "मी बसणार नाही. मला वर जायचं आहे."

कुणी काठीने माती उकरू लागलं, कुणी लांब बघू लागलं. दादाने खांद्यावरची पिशवी काढून खडकावर ठेवली.

"मी बसतो. तू हो पुढे."

"दादा, अरे, गड तुझा..."

"सकाळी मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला. "हो पुढे. ऊन चढतंय."

मी त्या पायऱ्या कशा चढले ते मला आठवत नाही. वर एक पडका दरवाजा होता, गुडघाभर गवत होतं. बाकीचे पुढे गेले. मी कड्याच्या काठाशीच बसले. दादाला पुन्हा कधी यायला जमणार, आणि जमलं नाहीच तर, असं मनात आलं आणि मला रडू कोसळलं. तिथून खालचा तो खडक स्पष्ट दिसत होता. वकीलसाहेब तोंडावर उपरणं घेऊन आडवे झाले होते. दादा मान वर करून गडाकडे बघत होता. मी दिसल्यावर तो उभा राहिला. मला वाटलं, खाली ये म्हणतोय. पण तो दोन्ही हातांनी खुणा करत होता, तिथे बसू नको, आत जा, आत जा. मग मी डोळे पुसले, उठले, आणि सगळा गड त्याच्यासाठी फिरून आले.