शनिवारचे भाव

समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी ताईचे दोन्ही गुडघे बदलावे लागतील असं सांगितलं, तेव्हा भाऊजींना रेल्वेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ऑपरेशनचे पैसे त्यांनी वेगळे काढून ठेवले होते. तारीख चार महिन्यांनंतरची होती. तोवर पैसे पडून कशाला राहावेत, म्हणून त्यांनी ते वायदेबाजारात लावायचं ठरवलं. अर्धे कच्च्या तेलात, अर्धे नैसर्गिक गॅसमध्ये.

मी सरकारी कार्यालयात आकडेवारीचं काम करतो. घरीही सवय सुटत नाही. दर शनिवारी पेपरातले भाव वहीत उतरवतो. डाळ, सोनं, तेल, गॅस. भाऊजींना हे ठाऊक होतं.

"काय साळेबुवा, तुमची वही काय म्हणून राहिली? दोन्ही संगच पडतात का?"

मी दीड वर्षाचे शनिवार तपासले. तेल खाली गेलं तेव्हा गॅस कधी वर होता, कधी जागेवर. दोघांचा एकमेकांशी संबंध दिसत नव्हता. तसं मी कागदावर लिहून दिलं. भाऊजींनी तो कागद देवघराच्या फळीवर ठेवला.

दोन महिने बरे गेले. मग तेल विकणाऱ्या देशांची बैठक फिसकटली. सोमवारी तेल कोसळलं, मंगळवारी उसळलं, बुधवारी आणखी खाली गेलं. भाव असे हलू लागले की सौदा चालू ठेवण्यासाठी जमा ठेवायची रक्कम वाढते. तिला मार्जिन म्हणतात. भाऊजींना दुपारपर्यंत ती भरायची होती.

भाचीचा फोन आला, तिच्या सवयीच्या हिंदीत. "मामा, पापा को समझाओ ना. गैस भी बेच रहे हैं."

मी पोहोचलो तेव्हा ते जेवणाच्या टेबलाशी मोबाईल धरून बसले होते.

"गॅस काहून विकून राहिले, भाऊजी? त्याची तर काहीच बातमी नाही."

"तेलाचं मार्जिन कुठून भरू मग? तुमच्या वहीतून?"

त्यांनी विकलं. गॅस त्याआधीच घसरत होता. घरी परतताना मी तोच विचार करत होतो, बातमी तेलाची, मग गॅस का पडावा? रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा उलगडलं. भाऊजींच्या एका सौद्याने भाव हलत नाही. पण त्या दुपारी किती ठिकाणी किती माणसं तेलाचं मार्जिन भरायला शांत असलेला गॅस विकत असतील! घबराट तेलातून गॅसमध्ये जाते ती अशा माणसांच्या हातून. आणि निवांत दिवसांत हे हात कुठेच दिसत नाहीत. माझ्या वहीतले शनिवार बहुतेक निवांतच होते.

शनिवारी मी नेहमीप्रमाणे भाव उतरवले. तेल जवळजवळ आधीच्या शनिवारच्या जागी आलं होतं. वहीपुरतं त्या आठवड्यात काहीच घडलं नव्हतं. भाऊजींचा गॅस तोट्यात विकला गेला होता, आणि मार्जिन पुरं न पडल्याने तेलाचा सौदाही गुरुवारीच तोट्यात बंद झाला होता.

ताईला मी स्वतः जाऊन सांगितलं, की तो कागद माझा होता. ती तांदूळ निवडत होती. भाऊजी दुसऱ्या खोलीत गेले.

"तू शनिवारचंच लिहितं न? बाकीच्या दिवशी बाजार बंद राह्यते का रे?"

मी तिच्या तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"बोल ना. सरकारले बी असंच लिहून देतं का?" ती थोडी हसली. मग म्हणाली, "त्यायले काही बोलू नको. जेवत नाही धड."

उरलेल्या पैशांत मी माझे घातले. भाऊजी एका गुडघ्यापुरतेच घ्यायला तयार झाले. उजवा झाला. डाव्याची तारीख घेतलेली नाही.

ब्राह्मणपाऱ्यातलं त्यांचं घर वरच्या मजल्यावर आहे. सतरा पायऱ्या. ताई नवा पाय वर टाकते, कठडा धरते, मग जुना त्याच पायरीवर ओढून घेते. मी मागे एक पायरी सोडून चालतो. भाऊजी वर दार उघडून उभे असतात आणि ती पोहोचेपर्यंत खाली बघत नाहीत.